डासांची ओळख ठेवणाऱ्या कुसुमताई

डॉ. कुसुम पडगिलवार यांच्याविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे, आणि ती या गौरवग्रंथातच नोंदवली जावी असा माझा आग्रह आहे. गेली वीस-बावीस वर्षे मला मोकळ्या मनाने टाळी वाजवून डास मारता आलेला नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दंडावर बसलेला डास. तो चिरडला की ताईंचा चेहरा समोर येतो आणि प्रश्न कानी पडतो, "पंख शाबूत आहेत का?" नसतात. मग दिवसभर अपराधी वाटत राहते. हा नागरिकाच्या मूलभूत हक्कांवरचा घाला आहे. पण दाद मागायची कोणाकडे?

ताई या महिन्यात पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचे आयुष्य हत्तीरोगाचे जंत वाहणारे डास सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेले, आणि आता नेमका त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा झिजू लागला आहे. डाव्याची हमी डॉक्टर देत नाहीत. 'लेख प्रसन्न असावा' असे गौरव समितीने कळवले आहे. प्रयत्न करतो, पण ही गोष्ट वगळून त्यांच्याविषयी लिहिणे मला जमणार नाही.

संस्कृत घेऊन एम. ए. झालेला माणूस वृत्तपत्रात शिरला की त्याच्या वाट्याला प्रवचने तरी येतात, नाहीतर महापालिका. मला महापालिका मिळाली आणि तिच्यामागोमाग डास. 'मशक' हा शब्द मला सगळ्या विभक्त्यांत चालवता येत होता. प्रत्यक्ष मशकाशी मात्र परिचय नव्हता. अशा तयारीने मी ताईंची मुलाखत घ्यायला गेलो. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"काल डास चावला का तुम्हाला?"

"चावला."

"म्हणजे ती मादी. नर रक्त पीत नाही, फुलांवर जगतो. बातमीत एवढं तरी बरोबर येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी मला मार्केट यार्डामागच्या एका वस्तीत बोलावले. रात्री रक्त पिऊन जड झालेल्या माद्या पहाटे भिंतींच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसून असतात. टॉर्चच्या उजेडात त्यांना काचेच्या नळीत तोंडाने ओढून घ्यायचे, अशी ती पद्धत. "ओढा. मधे जाळी आहे, पोटात जाणार नाही," ताई म्हणाल्या. मी डोळे मिटून ओढले. डास अर्थातच उडाला. "डोळे मिटून संध्या करतात, जोशी. डास उघड्या डोळ्यांनी धरतात." आमची ओळख झाली ती इथे.

त्या वस्तीत पूर्व विदर्भातून आलेले हमाल राहत, शेजारी गॅरेजवाल्यांची जुनी मुसलमान कुटुंबे. एका खोलीच्या दारात बाई आडवी उभी राहिली. "आमच्या घरी रोगबीग काही नाही जी." पुण्यात चाळीस वर्षे काढलेल्या, मूळच्या चंद्रपूरकडच्या ताई थांबल्या आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "कोनत्या गावचे जी तुमी?" पुढची दहा मिनिटे कोणाची मावशी कोणत्या गावी दिली याची चर्चा झाली. चहा झाला. डास त्यानंतर.

प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्याच्या थेंबात, दोन सुयांनी, ताई एकेक डास उकलत. त्या गल्लीतल्या एका डासात जंताची अळी वळवळताना त्यांनी मला दाखवली. त्या गल्लीत कोणाच्या तरी रक्तात जंत होते, असा त्याचा अर्थ. माझ्यातला वार्ताहर जागा झाला.

"वस्तीचं नाव छापतो, ताई."

"छापा. उद्या घरमालक त्यांना बाहेर काढील, परवा ते दुसऱ्या वस्तीत जातील. मग मी पुन्हा कोणाच्या दारात उभी राहू?"

"पण लोकांना कळायला नको?"

"गटार तुंबलंय हे कळू द्या. ते छापायला तुम्हाला कोणी अडवलंय?"

मी गटार छापले. ताईंनी आरोग्य खात्याच्या मागे लागून सबंध गल्लीला गोळ्या देवविल्या, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवले जाऊ नये. जंत नेमके कोणाच्या रक्तात होते, हे मला आजतागायत ठाऊक नाही. ताईंना ठाऊक असावे. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

माझी पत्नी दोन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ताई दर गुरुवारी वडाभाताचा डबा घेऊन कात्रजपर्यंत येत. आल्या की आधी आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या थाळ्या उपड्या करीत, मग प्रकृतीची चौकशी. पत्नी म्हणाली, "अहो, यांचा जीव माझ्यावर आहे की थाळ्यांवर?" ताई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या होणार आहात. थाळ्यांचं सांगता येत नाही." त्या आजारपणात ती पहिल्यांदा हसली, ते त्या वेळी.

आता डासाचा एक पाय यंत्राला दिला की यंत्र त्याची जात सांगते. ताईंना याचे वाईट वाटत नाही. त्या स्वतः ते यंत्र वापरतात. "पण तो कुठल्या भिंतीवर बसला होता, आणि दार कोणी उघडलं, हे यंत्राला कोण सांगणार?" एवढेच त्या म्हणतात. त्यांच्या हाताखाली उकलणी शिकायला शेवटची जी मुलगी आली होती, तिचा हात चांगला होता. ती आता खराडीला एका कंपनीत आहे, सुखात आहे आणि दर दिवाळीला फराळ घेऊन येते. ताई तिला नावे ठेवत नाहीत. मी ठेवतो.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ताई सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या होत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "जोशी, जरा बघा. सोंडेच्या मध्यावर फिकट पट्टा आहे का?" त्या पट्ट्यावरून डास हत्तीरोगाच्या घराण्यातला की मेंदूज्वराच्या, हे ठरते. मी पाहिले. त्यांना बरे वाटावे म्हणून म्हणालो, "आहे."

"नक्की?"

"नाही."

त्यांनी वहीत 'अनिश्चित' असे लिहिले. त्यांच्या वह्या मी इतकी वर्षे चाळतो आहे; हा शब्द मी त्यांत पूर्वी पाहिला नव्हता.

ताईंना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, हे आपण सर्वांनी मागायचेच आहे, आणि मीही मनापासून मागतो. डाव्या डोळ्यासाठी थोडे अधिक मागतो. पण मला खरी काळजी आहे ती अशी: त्यांना दिसेनासे झाले, तर त्या स्टुलावर बसून पाहील असे माणूस मला माहीत नाही. आणि जे शिकता आले असते, ते मी वीस वर्षे त्यांच्या शेजारी बसून, गप्पा मारण्यात, शिकलो नाही.