गॅरेजात मावेल अशी बोट

बोट विकणाऱ्या माणसाला बोटीची लांबी विचारली की तो बोटीचीच लांबी सांगतो. यात त्याची काही चूक नाही, हे आज मला कळतं. पण त्या उन्हाळ्यात मी फोनवर कितीतरी जणांवर तडकलो. "बारा फूट, सर." बारा फूट म्हणजे आमच्या गॅरेजात आरामात, असं म्हणून मी खूश व्हायचो. मग खोदून खोदून विचारलं की कळायचं, बारा फूट ही नुसती बोट. ती ज्या ट्रेलरवर बसते त्याचा ओढायचा दांडा पुढे तीन-साडेतीन फूट येतो, मागे इंजिन लोंबतं ते निराळं. "ते तर असतंच, सर." असतंच, तर आधी सांगायला काय तोंड दुखत होतं?

आमचं गॅरेज शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत सोळा फूट. त्यातला दीड फूट पाण्याच्या मोटारीच्या ओट्याने खाल्लेला. राहिले साडेचौदा. या साडेचौदा फुटांनी माझा अख्खा उन्हाळा नासवला.

बऱ्हाणपुरात माणूस ट्रॅक्टर घेतो, बोलेरो घेतो, मुलीच्या लग्नाआधी घराला वरचा मजला चढवतो. बोट कोणी घेत नाही. मलाही हौस नव्हती. मला पोहता येतं ते बुडणार नाही इतपतच. बोट हवी होती ती आईसाठी.

आमचं केळीचं शेत शाहपुरच्या बाजूला, तापीला जाऊन मिळणाऱ्या एका लहान नदीच्या पलीकडे आहे. नदीवर पूल नाही, रपटा आहे. म्हणजे पात्रातूनच काढलेला सिमेंटचा ठेंगणा रस्ता. आठ महिने त्याच्यावरून गाडी चाकसुद्धा ओलं न करता जाते. पावसाळ्यात तापी फुगली की तिचं पाणी उलटं या नदीत शिरतं आणि रपट्यावर नुसतं उभं राहतं. वाहत्या पुरात कोणी शहाणा उतरत नाही, पण तो पूर तरी रात्रीतून ओसरतो. हे चढलेलं पाणी दिवसचे दिवस हलत नाही. फेरीच्या रस्त्याने जायचं तर शेवटची वाट काळ्या मातीची, तिथे ट्रॅक्टरही पोटापर्यंत रुततो. आणि या पाण्यापलीकडे, शेतातल्या घरात, वडील गेल्यापासून आई राहते. सोबतीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी, त्याची बायको आणि एक म्हैस.

मागच्या पावसाळ्यात आईला ताप भरला आणि त्याच दिवशी पाणी चढलं. मी औषधाची पिशवी घेऊन अलीकडच्या काठावर उभा. समोर केळीच्या वर आमच्या घराचे पत्रे दिसत होते. फोनवर मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो, "माय, घाबरू नको. मी हाये ना." मी होतो, पण कशाला होतो ते मलाच माहीत नव्हतं. आईचा आवाज खोल गेला होता, तरी ती म्हणाली, "मी कुठी घाबरली? तूच घाबरून राह्यला." पाणी उतरून मी पोचलो तेव्हा ती म्हशीखाली बसून धार काढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "औषध ठेव तठी."

मला भयंकर राग आला. भीती वाटली की मला रागच येतो, हा घराण्याचा गुण आहे. मी तिथेच जाहीर केलं की पुढचा पावसाळा तिने शहरात, आमच्याकडे काढायचा. म्हैस विकायची. म्हैस विकली की आई परत शेतावर राहायला जाणार नाही, हे मलाही कळत होतं आणि तिलाही. शहरातल्या घरी ती दोन दिवसांवर टिकत नाही. सोफ्याच्या काठावर बसते, जणू कुणी उठवायला येणार आहे. दिवाळीत तिने उत्तर दिलं. "चार महिने तुह्या घरी बसण्यापेक्षा एक नाव घे. नाव आली तर मी तठीच राहीन. नई आली तर येते, मंग वीक म्हैस." असा सौदा झाला. पाऊस लागण्याआधी बोट, नाहीतर आई तिच्या घरातून उठणार.

बोट ठेवायची कुठे, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. काठावर ठेवली तर पूर नेईल, आणि पुराने सोडली तर लोक स्क्रू-स्क्रूने नेतील. लोधीपुऱ्यापलीकडच्या आमच्या कॉलनीची गल्ली एवढी अरुंद, की तिथे मोटारसायकल आडवी लावली तरी भांडण होतं. तेव्हा गॅरेज; गाडी चार महिने कॉलनीच्या तोंडाशी उभी राहील. शटर, कुलूप, किल्ली माझ्या खिशात. पाणी चढलं की गाडीला ट्रेलर जोडायचा आणि निघायचं. इतकं सरळ होतं ते.

आधी रबरी, हवा भरायची बोट बघितली. घडी घालून कपाटातसुद्धा राहिली असती. पण आमच्या नदीकाठी बाभळी आहेत, आणि चढलेल्या पाण्यात काटेरी फांद्या कुठे बुडाल्यात ते देवालाही दिसत नाही. ती बाद. मग एक तुकड्या-तुकड्यांत सुटणारी सापडली. ऐन गरजेला मी काठावर बसून नटबोल्ट आवळतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तीही बाद झाली. मग मला हवी होती ती मिळाली. फायबरची, तेरा फुटी, बूड सपाट आणि रुंद, डुलत नाही, आजारी माणूस मध्ये आडवा झोपवता येतो, वल्ह्यांनी चालते आणि वाटलं तर लहान इंजिन लागतं. विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता. मी तो किती वेळा पाहिला असेन. ट्रेलरसकट सतरा फूट.

"दांडा फोल्डिंगचा करून देता का?" मी विचारलं.

"देतो ना, सर. आरामात. दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर मला बोट लोणच्यात घालायची होती का?

बायको म्हणाली, "अहो, तिरकी ठेवा." तिरकी ठेवून पाहिली. पाहिली म्हणजे शेतातून बांबू आणून सतरा फुटांचा सांगाडा बांधला आणि तो गॅरेजात घालून पाहिला. आठ फूट रुंदीच्या खोलीत तिरकं म्हणजे किती तिरकं होणार? मग मागची भिंत फोडायचा विचार केला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. बायको शांतपणे म्हणाली, "बोट ओट्याशी येणार असेल तर मी माहेरी नेपानगरला जाते. पोळ्या तीच लाटेल." मग मी मोटारीचा ओटा फोडायला काढला. दोन दिवस घरात पाणी नाही, गवंडी एक दिवस आला आणि गायब झाला, आणि ओट्याखालून निघाला पाण्याचा मुख्य पाइप. ओटा पुन्हा बांधला. पहिल्यापेक्षा दोन बोटं मोठा झाला.

बांबूचा सांगाडा गल्लीत वळवताना शेजारी रोज खुर्ची टाकून बसायचे. "भैया, बारात में किराये से दोगे क्या?" पहिल्या दिवशी मी हसलो. नंतर नंतर मी त्यांच्याकडे बघणंच सोडलं. त्यातून गॅरेजच्या तोंडाशी नाली, तिच्यावर चढाचा फरशीचा तुकडा. जे काही आत मावेल त्याचं बूड त्या चढाला घासणार, हेही त्याच सुमारास लक्षात आलं. माझ्या अगदी नाकी नऊ आले. वैशाख संपत आला होता, आणि शेतावर आई रोज फोनवर विचारायची, "आली का?" विचारताना तिचा आवाज अगदी साधा असायचा, म्हणून जास्त लागायचं.

शेवटी मी हरलो आणि दहा फुटी बोट पक्की केली. आखूड, उंच कडांची, आंघोळीच्या टबाला नाक काढल्यासारखी. पण दांड्यासकट चौदा फूट. मावत होती. उद्या होकार कळवतो, असं मी विकणाऱ्याला सांगितलं.

त्याच दिवशी आई डोळे तपासायला शहरात आली होती. मला तिला दाखवायचं होतं. गॅरेजातून गाडी बाहेर काढून मी चुन्याने जमिनीवर दहा फुटी बोट आखली, बाकं आखली, दांडाही आखला. मध्ये स्टूल ठेवलं आणि आईला म्हणालो, "बैस, पाहा कशी वाटते." ती लुगडं सावरून चुन्याच्या रेघेवरून पाय उचलून आत आली, खरंच बोटीत चढावं तशी. बसली. मी समोर वल्हेकऱ्याच्या जागी उकिडवा बसलो. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"चांगली हाये," ती म्हणाली. इकडेतिकडे बघितलं. "पावसाळ्यात ही राहीन कुठी?"

"अठीच. कुलपात."

"अन् मी?"

"तू तिकडे, शेतात. पाणी चढलं की तू फोन कर, मी घेऊन येतो."

तिने पायाने चुन्याची रेघ चाचपली. मग म्हणाली, "म्हंजे अडकू मी, अन् नाव राहीन तुह्याजवळ."

मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, "तसंच तर हाये. पहिले भोयाची नाव व्हती, कोणी बी हाक मारे, तो येये. आता हाक मी मारू, अन् तू आयकशीन तवा येशीन. तू दवाखान्यात अशीन, लग्नात अशीन, गाडीचं चाक पंक्चर अशीन. मले नेवाले येवाची नाव मी नई म्हणली रे भाऊ. मले निघाची नाव पाह्यजे."

घरात मला सगळे भाऊच म्हणतात, आईसुद्धा. पण त्या वेळी ती मला लहानपणी समजावायची तशी बोलत होती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मी भांडलो. तुला वल्हवता येतं का? सालदाराला येतं, ती म्हणाली, तो तापीकाठचा आहे, त्याच्या बायकोलाही येतं. बोट चोरीला गेली तर? पाण्यानं वेढल्या शेतात चोर येणार कसा, नाव तर आमच्याजवळ. ठेवशील कुठे एवढी बोट? तेव्हा दारात उभ्या बायकोनेच विचारलं, "अहो, बैलांचा गोठा किती लांब आहे?"

बैल विकून वर्षं झाली. गोठा रिकामाच आहे, एका कोपऱ्यात म्हैस आणि बाकी कडबा. तीस फूट तर सहज असेल. लहानपणी उन्हाळ्यात मी तिथे झोपायचो. नदीपासून उंचावर, पत्र्याखाली, समोर मोकळं अंगण, आणि ट्रेलर ओढायला दारातच ट्रॅक्टर. मी साडेचौदा फुटांत डोकं आपटत होतो तेव्हा तो गोठा तिथेच उभा होता, आणि मी दर आठवड्याला त्याच्या सावलीत गाडी लावत होतो. "काखेत कळसा," बायको म्हणाली आणि पुढचं बोलली नाही, तेवढे उपकार.

दोन दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. राग गोठ्याचा नव्हता. मला आईला सोडवायचं होतं, आणि तिला मी सोडवायला नको होतो, हे मला गिळता येत नव्हतं. शटर, कुलूप, किल्ली माझ्या खिशात. ते चित्र मला किती आवडलं होतं ते तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी तेरा फुटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, फोल्डिंग तर दिवाळीनंतर." मी म्हणालो, नको फोल्डिंग. सरळ दांड्याची दे, लवकर दे.

पाऊस लागायच्या आधी ती आली आणि गोठ्यात गेली. तिच्यापुढे अजून एक बोट उभी राहिली असती. म्हशीने दोन दिवस तिच्याकडे पाठ फिरवून ठेवली होती, मग तीही रुळली.

श्रावणात पाणी चढलं. आईच्या रोजच्या गोळ्या संपत आल्या असतील म्हणून पिशवी घेऊन मी रपट्याशी गेलो. पलीकडच्या काठाला निंबाच्या बुंध्याला बोट बांधलेली दिसत होती, पांढरी, पावसात भिजत. मी आईला फोन लावला. म्हणालो, नाव पाठव, मी आलोय.

"आज नई," ती म्हणाली. "सालदार अन् ती बाई केळीत हायेत, वाऱ्यानं झाडं पडली, टेकू लावून राह्यले. गोळ्या मी परवाच नावेनं जाऊन आणल्या, शाहपुरहून. तू उद्या ये. सकाळी नाव पाठवते."

"अन् आज मी काय करू?"

"घरी जाय. जेव."

मी तिथेच उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता, पाणी हलत नव्हतं, आणि माझ्या काठाला काहीच नव्हतं, ना बोट, ना दोर. मी म्हणालो, पाणी अजून वाढलं तर? वारं सुटलं तर? उद्याही नाव आली नाही तर? मी बोलतच राहिलो. आईने सगळं ऐकून घेतलं.

"घाबरू नको भाऊ," ती म्हणाली. "मी हाये ना."