भोपळ्याच्या भाजीची चिठ्ठी

ऑफिसात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. एकवीस वर्षं बाहेर जाणारी पत्रं वहीत चढवायची आणि पाकिटं डकवायची, म्हणून त्या जावकबाई. कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. पण गेला महिनाभर दिवा लावताना त्या देवाला बजावत होत्या, "क्षमा कर म्हणून मला सांगू नकोस. एवढ्यात तरी नाही."

झालं होतं असं, की चुकीच्या तारखेचं एक पत्र बाहेर गेलं. खाली सही हेडक्लार्कबाईंची. या बाई कागद वाचत नसत. जावकबाई सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली करून गठ्ठा पुढे धरत आणि बाई फोनवर बोलता बोलता सह्या ठोकत सुटत. साहेबांपुढे मात्र त्या छातीठोकपणे म्हणाल्या, "अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय मी सही करत नाही. हिनंच मागाहून कागद बदलला असणार."

मेमो निघाला तो जावकबाईंच्या नावावर. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना!

वर महिनाही झाला नाही तोच बाई लाडीगोडीनं म्हणतात कशा, "ए, परवाच्या जेवणाला माझ्या भांड्यात तुझी भोपळ्याची भाजी करून आण हं. नेहमीसारखी!"

वर्षातून एकदा सगळे घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवत. काय केलंय, त्यात काय आहे, कुणी केलंय याची चिठ्ठी भांड्याजवळ ठेवावी लागे, कारण कुणाला काय चालत नाही ते सांगता येत नसे. तीन वर्षं जावकबाईंची भाजी बाईंच्या नावावर खपली होती. "आमच्या आईची रीत," असं बाई सांगत. रीत होती जावकबाईंच्या आईची. ती जन्मभर लोकांच्या घरी रांधत राहिली. कुणी रांधलं, हे पंगतीत एकदाही कुणी विचारलं नाही.

"आणते की," जावकबाई म्हणाल्या.

भाजी त्यांनी मन लावून केली. अन्नावर राग काढायचा नाही, हे आईनंच शिकवलं होतं. ऑफिसात पोचल्यावर चिठ्ठी लिहिली, खाली फुली केली आणि सकाळच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवली. बाई फोनवर हसत होत्या. सही झाली, आणि चिठ्ठी भांड्याजवळ जाऊन बसली.

दुपारी लांब टेबलावर लिंबाचा भात, वाटाण्याचं सूप, कोबीची कोशिंबीर आणि टायपिस्टचा बुडाला करपलेला केक मांडला होता. साहेबांनी भोपळ्याची भाजी दुसऱ्यांदा घेतली.

"वा! कुणाची ही?"

"आमच्या आईची रीत," बाई लाजल्या.

साहेबांनी चिठ्ठी उचलून मोठ्यानं वाचली, "भोपळ्याची भाजी. शेंगदाणे आहेत. केली जावकबाईंनी, त्यांच्या आईच्या रीतीनं. मागची तीन वर्षंही त्यांनीच केली. मी फक्त मिरवली." ते थांबले. "बाई, खाली सही तुमची आहे."

टायपिस्टला ठसका लागला.

"हे... हे मी लिहिलेलं नाही!"

"पण वाचलं असेल ना," जावकबाई शांतपणे म्हणाल्या. "बाई अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय सही करत नाहीत, साहेब. माझ्या मेमोत तसंच लिहिलंय."

वाचलं म्हणावं तर भाजी जाते, नाही म्हणावं तर मेमो खोटा ठरतो. बाईंना सगळ्यांसमोर भाजी सोडणंच जड गेलं. "अहो, एवढ्या गठ्ठ्यात वाचत कोण बसतं? ही फुली करते, मी सही करते. रोजचंच आहे ते!"

साहेबांचा घास हातातच राहिला. "रोजचंच?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"जावकबाई, जेवण झालं की तो मेमो माझ्या टेबलावर आणा."

"आत्ताच आणते." जावकबाई उठल्या, पण आधी त्यांनी डाव भरून भाजी बाईंच्या ताटात वाढली. "खा ना बाई. गार होतेय."

बाईंचे डोळे भरून आले होते. आपल्याला दया येतेय का, हे जावकबाईंनी क्षणभर थांबून पाहिलं. येत नव्हती. मग हात पुसत त्या फाइलीच्या कपाटाकडे गेल्या.