रेडिओवर न झालेली फायनल

वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट असलेल्या माणसाला दोन वर्षांत आपण अर्धे वकील झालो असं वाटायला लागतं. मला सहा महिन्यांतच वाटलं. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घाटकोपरच्या आमच्या कबड्डी मंडळाने लाउडस्पीकरवाल्याशी करार केला, तेव्हा कागद मीच टाइप केला. त्याने भोंगे फुकट लावायचे आणि बदल्यात खेळाबरोबर दुकानांच्या जाहिराती करायच्या, एवढीच बोलणी. मी साहेबांच्या जुन्या फायलीतून भारदस्त शब्द उचलून लिहिलं: ‘मैदानावरील खेळाचे वर्णन कोणत्याही मार्गाने लोकांपर्यंत पोचविण्याचा हक्क फक्त लाउडस्पीकरवाल्याचा राहील.’ वाद झालाच तर लवाद म्हणून माझ्या वडिलांचं नाव घातलं. चाळीतली भांडणं, नळापासून सोयरिकीपर्यंत, तेच मिटवत. लाउडस्पीकरवाल्याने नाव वाचून खुशीने सही केली.

मग रेडिओवाले आले. फायनलचं धावतं वर्णन त्यांना हवं होतं, आणि माझा आवाज ऐकून ते करायला त्यांनी मला निवडलं. मालवणकडे आमच्या गावी आई अंथरुणाला खिळली होती. शेजाऱ्यांचा रेडिओ उशाशी आणवून ठेव, असं मी तिला पत्र टाकलं. पण रेडिओवाल्यांची अट होती, त्या वेळात भोंगे बंद. लाउडस्पीकरवाला भडकला. “माझे दुकानवाले मला ओवाळतील काय रे?” म्हणाला, आणि मनाई हुकूम मागायला थेट कोर्टात गेला.

 कोर्टात मंडळाच्या वकिलाने लवादाच्या कलमावर बोट ठेवलं. न्यायाधीश म्हणाले, लवाद नेमलाय तर आधी त्याच्याकडे जा, आणि तो सांगेपर्यंत रेडिओ नको. फायनलला चार दिवस होते. बाहेर येताच मंडळाची पोरं माझ्या पाठीवर थापा मारायला लागली.

“तुझा बाप लवाद, यार! झकास! घरचाच निकाल.”

घरी दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही बापलेक दोघंच. त्याच संध्याकाळी मी विषय काढला.

“तो भोंगेवालो हय नाय,” वडील म्हणाले, “मगे तू कित्याक बोलतस?”

पुढे दोन दिवस त्यांनी मला तो विषय काढू दिला नाही. मला त्यांचा भयंकर राग येत होता, आणि रागाहून जास्त निकालाची भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या खोलीत त्यांनी दोन्ही बाजूंना बसवलं आणि कागद माझ्या हातात दिला. “वाच.”

मी वाचला.

“ह्या कोणी लिवल्यान?”

“मी.”

“कोणत्याही मार्गाने. रेडिओ त्यात येता की नाय?”

लाउडस्पीकरवाला माझ्याकडे बघत होता. नाही म्हणालो असतो तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण ते वाक्य टाइप करताना मारलेली ऐट मला आठवत होती. “येतो,” मी म्हणालो.

वडिलांनी लाउडस्पीकरवाल्याला विचारलं, त्या तासापुरती मोकळीक देशील? त्याने मान हलवली, नाही. “मग निकाल तुझा,” वडील म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

फायनल भोंग्यांवरच झाली. मी फुरंगटून मैदानाच्या कडेला उभा होतो. आईला तसं कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि आलं असतं तरी पत्र वेळेत पोचलं नसतं.

मे महिन्यात आम्ही दोघं गावी गेलो. आईच्या खाटेशी बसून मी तिला अख्खी फायनल सांगितली. शेवटच्या चढाईला आवाज इतका चढला की शेजारीण घाबरून धावत आली. आई हसली.

“मगे रेडिओवर कित्याक नाय सांगलंस?” तिने विचारलं. “मी तासभर कान लावन बसलंय.”

“माझ्यामुळे,” दारातून वडील म्हणाले.

इतका वेळ धडाधड बोलणारा मी, पण ‘नाही, माझ्यामुळे’ एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.