आत्तींची पोवळ्याची माळ

सासूबाईंनी आपली पोवळ्याची माळ माझ्या थोरल्या जावेला दिली, त्या दिवशी मी हसून "छान दिसते हं, अक्का" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेली आपटली. लग्न होऊन आले तेव्हापासून ती माळ माझ्या मनात भरली होती. थोरली म्हणून तिला मिळाली. थोरलेपण तरी तिनं कुठं कमावलं होतं?

मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये विज्ञान शिकवते. आमचं घर जैनांचं. पाणी गाळून प्यायचं, कांदा-बटाटा वर्ज्य, दिवस मावळायच्या आत जेवण. त्या संध्याकाळी ताटावर मी सासूबाईंना अगदी साळसूदपणे विचारलं, "आत्ती, आपण किडामुंगीला जपतो, मग पोवळं कसं चालतंय?"

"का? खडा हाय की त्यो."

"खडा न्हाय. जिवांचा सांगाडा हाय."

मग क्लासमध्ये सांगते ते सगळं सांगितलं. दागिन्यातलं लाल पोवळं खोल पाण्यातलं. त्याची भावकी उथळ समुद्रात पिढ्यानपिढ्या भिंती बांधते. त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात, लाटांचा जोर तिथंच मोडतो, किनारा वाचतो. पाणी तापलं की हे जीव पांढरे पडतात आणि तापतच राहिलं तर मरतात.

अक्काचा घास हातातच राहिला. "जित्तं असतंय व्हय गं?" म्हणत तिनं माळ काढून ठेवली. आत्तींनी ती कपाटात टाकली, ती अजून तिथंच आहे. मला नाही तर तिलाही नाही. खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं.

पण मे महिन्यात अक्का थोरल्या दिरांबरोबर मालवणला गेली आणि चक्क पाण्यात तोंड घालून पोवळ्यांची भिंत बघून आली. रंकाळ्याच्या काठाशी उभी राहायला घाबरणारी बाई! आल्यापासून घरात तिचंच राज्य. तिथं कुणी तरी आठवण म्हणून तुकडा मोडायला लागला, तर ही डोकं वर काढून ओरडली, "ओ पावणं, हात काढा की! जित्तं हाय त्ये!" हा किस्सा आत्ती शेजारणींना रंगवून सांगतात. शिकवलं मी, कौतुक तिचं.

आता माळेचं काही वाटत नाही. इतकी वर्षं फळ्यावर खडूनं पोवळी काढली मी, आणि बघून आली ती.

"तू कुठं बघितलंस गं पयल्यांदा?" तिनं एकदा विचारलं.

"पुस्तकात."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग चल की येत्या सुट्टीत. आपण दोघी जाऊ. पर लांबवू नगंस. बरंच पांढरं पडलंय, बोटवाला म्हणत हुता."

पांढरं पडणं म्हणजे काय, हे त्या घरात फक्त मला नीट कळलं. तिच्यावर जळायला मला जन्म पडलाय. त्या पोवळ्यांनी तेवढी येती सुट्टी गाठावी.