डबीतली दाढ

तीर्थपुरीत दाढ दुखली की माणसं डॉक्टरकडे जात नसत. इंद्रभान अण्णांकडे जात.

अण्णा विहिरीवरच्या मोटारी भरायचे. जळालेली मोटार आली की आतली काळी पडलेली तार सोडायची, नवी भरायची, आणि तीच मोटार पुन्हा पाणी ओढायची. मोटार फेकून द्या, असं त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. दाढेबाबत त्यांचं मत वेगळं होतं. दुखली की काढायची. पक्कड तीच. दाढेसाठी ती आधी उकळत्या पाण्यात बुडवायची, एवढाच फरक.

ही सेवा होती. पैसे घेत नसत. नारळ घेत. त्यांच्या घरी वर्षभर कालवणात खोबरं असे.

सेवेचा पाया १९८९ साली घातला गेला. त्या वर्षी अण्णांची स्वतःची दाढ दुखली. ते स्टँडसमोरच्या सलूनमध्ये गेले, आरशासमोर बसले आणि स्वतःच्या हातानं स्वतःची दाढ उपटली. दाराबाहेर गोजरमावशी शेंगा विकत बसलेल्या. त्यांनी ते पाहिलं. गावाला मग वर्तमानपत्राची गरज राहिली नाही.

"हूं न्हाई की चूं न्हाई," मावशी सांगत. "काढली अन् म्हणला, मावशी, दुखायचं बंद झालं बघा."

दरवर्षी त्या गोष्टीतलं रक्त कमी होत गेलं आणि धैर्य वाढत गेलं. ती दाढ अण्णांनी तंबाखूच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवली. आलेल्याला आधी डबी दाखवायची, मग पक्कड.

मी त्यांचा मित्र. वयानं वीस वर्षांनी लहान. मराठी घेऊन बीए झालो होतो, दुसरं काही झालो नव्हतो. ते मला बीएच म्हणत.

१९९४ च्या मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांचा डावा गाल सुजला होता.

"बीए, जालन्याला येतो का?"

"काय काम काढलं?"

"दाढ."

मला वाटलं, तिथल्या कुणाची तरी काढायची आहे.

"माही," ते म्हणाले. "काढायची न्हाई. ठेवायची हाय. एक डॉक्टरीण बाई आल्यात म्हणं तिथं. न काढता दाढ बरी करून देतेत."

चारच दिवसांपूर्वी त्यांनी गावातल्या भुजंगची दाढ काढली होती. भुजंग ठेवा म्हणत होता.

"गावाला कळलं तर?"

"तर माह्या पक्कडीला कोण भिणार? नाव गेलं समज. म्हणून तुला नेऊन राह्यलो, दुसऱ्या कोणाला न्हाई. इचारलं तर कोर्टाची तारीख हाय म्हणायचं. तारखेला कोणी पुढं इचारत न्हाई."

हे बरोबर होतं. आमच्याकडे जमिनीच्या भांडणाची तारीख असणं हे घरात बैलजोडी असण्यासारखं होतं.

दवाखाना जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला होता. डॉक्टर कौसल्याबाई तिशीच्या असतील. त्यांनी छोट्या आरशाच्या दांड्यानं एकेक दाढ ठोकून पाहिली. चौथ्या ठोक्याला अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. मग बाईंनी एक्स-रे काढला.

"मुळाशी पू आहे," बाई म्हणाल्या. "जुना आहे. चार-पाच वर्षं दुखत असेल."

"अधूनमधून," अण्णा म्हणाले.

पाच वर्षं ते उजवीकडनंच चावत होते, हे मला तेव्हा कळलं.

"आणि हिच्या शेजारची कुठं गेली?"

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून डबी काढली. एका जाणकारानं दुसऱ्याला द्यावी तशी दिली.

"म्या काढली. ह्या हातानं. आरशात बघून."

बाईंनी दाढ दिव्याखाली धरली. उलटी केली. नखानं घासून पाहिली.

"ही तर चांगली होती."

"म्हंजे?"

"हिला काही झालं नव्हतं. तेव्हाही दुखत होती ती शेजारचीच. आज दुखते ती. दुखणं कधी कधी बाजूच्या दाढेत वाटतं."

पंखा खरखरत होता. अण्णांनी डबी परत घेतली. झाकण दोनदा लावलं.

"वाचंल का ही?"

"तुम्ही काय करता?"

"मोटारी भरतो."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. वरचं कवच ठेवायचं. आतली सडलेली नस काढायची. मुळापर्यंत साफ करून भरायचं, बंद करायचं. मोटार जळाली तर तुम्ही ती विहिरीत टाकून देता का?"

बोलता बोलता बाईंनी अण्णांच्या तोंडात कापूस भरला होता.

पहिल्या खेपेलाच दुखणं थांबलं. अण्णा म्हणाले, आता कशाला जायचं? मी म्हणालो, मोटार उघडी ठेवून गिऱ्हाइकाला देता का? मग ते आले. चार खेपा झाल्या. गावात चार तारखा झाल्या. चौथ्या खेपेला दाढेवर धातूची चकचकीत टोपी बसली. त्या दिवसापासून अण्णा ओठ मिटून हसू लागले.

त्याच दिवशी जीपमधून उतरून अण्णांच्या घरी आलो तर ओट्यावर गोजरमावशी. गाल सुजलेला, पुढ्यात नारळ. अण्णांच्या बायकोनं, जयवंताबाईंनी, पक्कड उकळत ठेवली होती. बाजारचा दिवस होता. बघायला सात-आठ जण जमले होते.

"ही शेवटली," मावशींनी बोट लावलं. "काढ जल्दी."

अण्णांनी बॅटरी लावली. मग त्यांनी घरातून चमचा मागवला. हे कधी झालं नव्हतं. चमच्याच्या दांड्यानं त्यांनी दाढा ठोकल्या. शेवटच्या दाढेला मावशी गप्प राहिल्या. तिच्या अलीकडच्या दाढेला त्यांनी अण्णांच्या आईचा उद्धार केला.

पाणी उकळत होतं. अण्णा पक्कडीकडे पाहत होते. मी अण्णांकडे.

"मावशी, ही काढायची न्हाई," ते म्हणाले. "दुखती ती दुसरीच. अन् तीबी वाचंल. जालन्याला जा."

"मंग तू कशाला हाईस?"

"अण्णा भ्याला वाटतं," मागून धर्मराज म्हणाला. त्याचं चहाचं हॉटेल होतं. आधी त्यानं बोलायचं आणि मग गावानं, अशी पद्धत होती.

अण्णा उभे राहिले. सगळ्यांसमोर तोंड उघडलं. बोटानं गाल ओढून टोपी दाखवली.

"तारीख-बिरीख काई न्हवती. ही भरून आणली. म्या काढल्ती ती चांगली दाढ व्हती. दुखती आतच राह्यली. पाच वर्षं दुखलं मला."

आधी मावशी बोलल्या.

"खोटं बोलतो. म्या डोळ्यानं पाह्यली. काळी कुळकुळीत व्हती."

अण्णांनी डबी उघडली. दाढ सालं काढलेल्या शेंगदाण्यासारखी पांढरी होती.

"ही बदलली तू," मावशी म्हणाल्या.

"डॉक्टरीण बाईनं किती नारळ ठरवले रे अण्णा?" धर्मराजनं विचारलं. सगळे हसले.

पाच वर्षं खोटं सांगितलं तेव्हा या माणसांनी नारळ दिले होते. मावशींनी आपला नारळ उचलला आणि त्या कचरूकडे गेल्या. कचरू पंक्चर काढायचा. पक्कड त्याच्याकडंही होती. मावशींनी बोट लावलं तीच दाढ त्यानं काढली. पुढच्या दोन दिवसांत त्याच्याकडे आणखी तिघं गेले. अण्णांकडे फक्त मोटारी आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांकडे चहा पीत होतो. मावशी आल्या. गाल दुप्पट झाला होता. ओट्यावर टेकल्या नाहीत.

"इंद्रभान, जालन्याची जीप कव्हा असती?"

"आठला."

"येतो का संगं? मला त्या बाईचं घर म्हाईत न्हाई."

अण्णा उठले. पायात चपला सरकवल्या.

"अन् कोणाला बोलू नको," मावशी म्हणाल्या. "म्या सांगून आले, कोर्टात तारीख हाय."

मावशींच्या नावावर हातभर जमीन नव्हती. आम्ही स्टँडवर पोहोचेपर्यंत ती जमीन नेमकी कुठली, यावर धर्मराजच्या हॉटेलात दोन तट पडले होते.

अण्णा जीपमध्ये पुढं बसले. डबीत त्यांनी पुन्हा तंबाखू भरला होता. मी आणि मावशी मागं. आमच्या समोर कचरू बसला होता. एप्रिल लागला होता आणि त्यानं कानापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळला होता.

"तू रं कुठं?" मावशींनी पदराआडून विचारलं.

"तारीख हाय," कचरू म्हणाला.

मावशींनी मान हलवली.

"माही बी."