घंटा झाली का रे?

हैदराबादच्या कोठी भागातल्या औषधाच्या दुकानात काल कुणीतरी गुडघ्यांना चोळायचं तेल मागितलं. दुकानदाराने बाटली उघडून दाखवली आणि त्या उग्र, थंड वासासरशी मला माझा दादा दिसला, बॉक्सिंगच्या रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेला.

तेव्हा भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याची वाटणी ठरली होती. दादाची बदली औरंगाबादला झाली होती आणि या शहरातली त्याची ती शेवटची लढत होती. तो थकत नाही, पडत नाही, अशी त्याची ख्याती. त्या संध्याकाळी मात्र त्याची भुवई फाटली होती आणि श्वास घशात अडकत होता. लढत थांबवायला त्याला शिकवणाऱ्या उस्तादांनी रिंगमध्ये फेकायचा टॉवेल हातात घेतला.

"बस्स बेटा. फेंकू क्या?"

"नक्को उस्ताद. इथून उभ्यानेच जाणार मी."

तो उभाच राहिला. शेवटची घंटा झाली, समोरच्याने हात खाली घेतले, लोक खुर्च्यांवर चढून ओरडू लागले. दादाच्या मुठी तशाच वर होत्या. मी दोरांपाशी गेलो तेव्हा त्याने विचारलं, "घंटा झाली का रे?"

"कधीच झाली!" मी हसत म्हणालो. मला ती त्याची जिद्द वाटली होती. आता त्याचे डोळे आठवतात. ते माझ्याकडे वळले होते, पण मला पाहत नव्हते.

पुढे तो हळूहळू माणसं विसरत गेला. दारावरची बेल वाजली की मुठी वर जायच्या. गेल्या महिन्यात, त्याच्या आयुष्यातल्या अखेरच्या दुपारी, त्याने पुन्हा तेच विचारलं.

"झाली, दादा," मी म्हणालो. "हात खाली घे."

त्याने घेतले.