डावीकडे वळलेलं हँडल

किल्ल्यांचं आणि किश्शांचं एकच आहे. हवा असतो एक, शोधायला गेलं की भलतेच दहा हाती लागतात. गेल्या महिन्यात आमच्या घरात नेमकं हेच झालं.

कोथरूडची आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. तीस तारखेपर्यंत घरं रिकामी करायची आणि पार्किंगमध्ये जे उरेल ते भंगारात, अशी नोटीसच लागली. पार्किंगच्या कोपऱ्यात उभी होती माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, पंचेचाळीस वर्षं जुनी मोटरसायकल. हँडल डावीकडे वळवून लॉक केलेलं. बाबांची बायपास झाली त्या वर्षी हँडलची किल्ली हरवली. तेव्हापासून अकरा वर्षं ती गाडी अशी मान वळवून रुसलेली.

"कुलूप तोडू या," माझा नवरा सुमेध म्हणाला.

"तो पार्ट आता मिळत नाही. आधी मला तोड!" बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी दोन पोळ्या कमी जेवले.

माझ्या लग्नाला सहा वर्षं झालीत. तरीही मला रात्रभर वाटत राहिलं, की किल्ली मीच कुठेतरी टाकली असणार.

*

बाबांनी माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. आत किल्ल्याच किल्ल्या! मी प्रत्येकीला नंबरचं स्टिकर लावलं, वहीत तक्ता केला. काळजी वाटली की मी तक्ते करते. ओवी झाली तेव्हा शीचासुद्धा केला होता.

दोन दिवसांत शोध लागले ते असे: विकलेल्या स्कूटरची किल्ली, विकलेल्या कपाटाच्या तीन किल्ल्या, आणि एक बाबांच्या जुन्या ऑफिसच्या ड्रॉवरची. ती 'सापडत नाही' असं त्यांनी रिटायर होताना लिहून दिलं होतं!

सासूबाई शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होत्या. डब्यात डोकावून म्हणाल्या, "एवढ्या किल्ल्या आणि घरात कुलूप लावण्यासारखं काही नाही."

*

इग्निशनची किल्ली मात्र जागेवर होती. नवी बॅटरी बसवली. मी वर मोबाईल आणायला गेले आणि परत येऊन बघते तो गाडीचा दिवा चालू! समोर तीन वर्षांची ओवी, हातात आइस्क्रीमची काडी, आणि काडीचं दुसरं टोक गाडीच्या इग्निशनमध्ये.

मी धावत जाऊन काडी ओढून काढली. बाबा मात्र कौतुकाने बघत होते.

"अगं, हिचं इग्निशन असंच आहे. मी कॉलेजला जाताना नेलकटरने चालू करायचो."

"मग चोरीला नाही गेली कधी?"

"हँडल लॉक करायचो ना!"

*

पंचवीस तारखेला सुमेधने तीन मित्र बोलावले. चौघांनी मिळून गाडी ढकलली. हँडल डावीकडे, त्यामुळे गाडीने गोल फिरून पुन्हा आपला कोपरा गाठला.

"सोसायटीच्या मीटिंगसारखं झालं," सुमेध धापा टाकत म्हणाला.

मग उचलायचा प्रयत्न झाला. चार पावलांत दोघांच्या कमरा धरल्या. वरच्या गॅलरीतून जोशीकाका बघत होते.

"चोरताय का?"

"नाही हो काका, आमचीच आहे!"

"चोरत असता तर खाली येऊन हात लावला असता."

*

शनिवार पेठेत एक किल्लीवाले काका आहेत असं कळलं. मी ओवीला घेऊन गेले. दुकानावर पाटी: 'कुलूप दाखवल्याशिवाय किल्ली विचारू नये.'

"काका, कुलूप गाडीला आहे."

"मग गाडी आणा."

"गाडी हलत नाही, हँडल लॉक आहे."

"मग कुलूप काढून आणा."

"त्यालाच तर किल्ली हवी आहे!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे तुम्हाला पाटी वाचताना नाही सुचलं?"

मला रडूच यायला लागलं. माझं हे नेहमीचं आहे, जिथे भांडायला हवं तिथे डोळे भरतात. सासऱ्यांचं, बायपासचं, भंगाराचं सगळं सांगून टाकलं. काकांनी ओवीच्या हातात एक कोरी किल्ली ठेवली आणि म्हणाले, "रविवारी येतो. चहा कमी साखरेचा."

*

रविवार म्हणजे एकोणतीस तारीख. काका आले. कोरी किल्ली कुलपात घालायची, दाबून फिरवायची, बाहेर काढायची, तिच्यावर जिथे खूण उमटेल तिथे कानस मारायची. पुन्हा घालायची. पाऊण तास हेच चाललं होतं. बाबा स्टुलावर बसून दर वेळी पुढे झुकून बघत होते.

मग टक्‌ झालं. हँडल सरळ!

बाबांनी दोन्ही मुठी धरल्या आणि उगाचच डावीकडे-उजवीकडे वळवत राहिले. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

काका कानस पुसत म्हणाले, "कुलूप एकदम ठणठणीत आहे हो. अकरा वर्षं बंद वाटत नाही. मशीनचं तेल घालता वाटतं अधूनमधून?"

"मी? नाही बुवा," बाबा म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं.

*

तीस तारखेला गाडी टेम्पोत बसून आमच्याबरोबर भाड्याच्या फ्लॅटवर आली. चार दिवसांनी मेकॅनिकने ती चालूही करून दिली. संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "उद्या सकाळी एक चक्कर मारून येतो. हडपसरपर्यंत."

"बाबा, हडपसर?" मी म्हटलं. "कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंत जा ना!"

"डेअरीला मी चालत जातो."

सकाळी सहाला बाबा बूट घालून, हेल्मेट घेऊन खाली गेले आणि पाच मिनिटांत वर आले. हँडल डावीकडे. लॉक. आणि दारामागच्या हुकावर किल्ली नाही!

सुमेधने न उघडलेली सात खोकी उघडली. मी ओवीचं दप्तर झटकलं, तांदळाच्या डब्यात हात घातला, आणि आपणच कुठेतरी टाकली असणार या खात्रीने स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मटार सोलत होत्या.

"आई, गाडीची किल्ली बघितलीत का कुठे?"

त्यांनी मान वर केली नाही.

"कुठली? जुनी की नवी?"